जुन्या काठीची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि मोडी कागदांचे रुमाल उभे राहतात. राजांनी दिलेली दाने दगडावर कोरलेली असतात, तहनाम्यांवर मोर्तब असते, आणि लढाई हरलेल्या पक्षाचीसुद्धा एखादी कैफियत कोठेतरी शिल्लक राहते. परंतु माणसे दिवसाचे काम आटोपल्यावर चार घटका एकत्र जमून जे खेळली, त्याचा शिलालेख कोणी कोरीत नाही. खेळ संपला की मैदान रिकामे होते. आणि मैदानच जर बर्फाचे असेल, तर वसंत ऋतू येताच तेही वितळून जाते. अशा वितळून गेलेल्या मैदानांवरील एका खेळाचा इतिहास ज्या फुटक्यातुटक्या वस्तूंच्या आधारे उभा राहिला, त्या वस्तूंची आणि त्या जमविणाऱ्यांची हकिकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हॉकी हा शब्द ऐकताच आपणांस हिरवळीवरील खेळ आणि ध्यानचंदांचे नाव आठवते. आईस हॉकी हे त्याच खेळाचे थंड देशातील भावंड. खेळाडूंच्या पायांत पोलादी पात्यांचे स्केट्स असतात, हातात टोकाशी वाकविलेली लांब काठी असते, आणि चेंडूच्या जागी कठीण रबराची एक चपटी चकती असते. तिला 'पक' म्हणतात. हा खेळ आपल्या देशाला अगदीच परका नाही. सिमल्याचे स्केटिंग रिंक १९२० साली सुरू झाले, आणि लडाखात गोठलेल्या तळ्यांवर आईस हॉकी मोठ्या हौसेने खेळली जाते. नोकरीच्या निमित्ताने सिमल्यास काढलेल्या दोन हिवाळ्यांत आम्ही हा खेळ प्रथम पाहिला आणि त्याचा पूर्वेतिहास वाचण्याचा छंद आम्हांला जडला. वस्तू विकत घेऊन संग्रह करण्याची आमची ऐपत नाही. आमची मजल टपालाच्या तिकिटांपलीकडे कधी गेली नाही. परंतु संग्राहकांच्या कथा वाचण्यास पैसे पडत नाहीत, आणि त्या कथांत सरकारी नोकराने विचार करावा असे पुष्कळ काही आहे.

या खेळाचे माहेर कॅनडा. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रिअल शहरातील 'व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक' या छपराखालील रिंकमध्ये प्रत्येकी नऊ खेळाडूंच्या दोन संघांत एक सामना झाला. बंदिस्त जागेत, आगाऊ जाहीर करून आणि खेळाडूंची संख्या ठरवून खेळला गेलेला पहिला ज्ञात सामना म्हणून त्याची गणना होते. तो घडवून आणणारा गृहस्थ जेम्स क्रायटन हा हॅलिफॅक्सहून माँट्रिअलला आलेला एक तरुण इंजिनिअर होता. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात अशी सूचना होती, की चेंडू उडून प्रेक्षकांस लागण्याची भीती असल्यामुळे त्याऐवजी लाकडाचा सपाट गोल तुकडा वापरण्यात येईल. सामन्यानंतर मारामारी झाली, बाके मोडली आणि स्त्रियांनी तेथून पळ काढला, हेही आपणांस वर्तमानपत्रामुळेच कळते. दोन वर्षांनी, १८७७ च्या फेब्रुवारीत, माँट्रिअलच्याच वर्तमानपत्रात खेळाचे सात नियम छापून आले. आज चकतीवाचून हा खेळ कल्पिता येत नाही; तिची सुरुवात प्रेक्षकांच्या डोक्यांच्या काळजीतून झाली, ही गोष्ट एका वर्तमानपत्रातील सूचनेने आपल्यापर्यंत पोहोचविली.

अर्थात त्यापूर्वीही उघड्या तळ्यांवर हा खेळ चालूच होता. उत्तर ध्रुवाच्या बाजूस संशोधनासाठी गेलेल्या जॉन फ्रँक्लिनने १८२५ साली ग्रेट बेअर सरोवराकाठच्या मुक्कामावरून लिहिलेल्या पत्रात बर्फावरील हॉकीचा उल्लेख केला आहे. खुद्द चार्ल्स डार्विनने १८५३ साली आपल्या मुलास लिहिलेल्या पत्रात, लहानपणी स्केट्स घालून बर्फावर हॉकी खेळणे आपणांस फार आवडे, असे सांगितले आहे. त्यामुळे या खेळाच्या जन्मस्थानावरून नोव्हा स्कोशिया प्रांतातील विंडसर व हॅलिफॅक्स, ऑन्टॅरिओतील किंग्स्टन आणि क्वेबेकमधील माँट्रिअल यांच्यात चांगलीच हमरीतुमरी झालेली आहे. एखाद्या संताच्या जन्मगावावरून दोन गावांत जसा वाद पेटावा, तसाच हा प्रकार. असा वाद लागला म्हणजे पुराव्याची मागणी होते, आणि मग जुन्या काठ्या, चकत्या, छायाचित्रे व पत्रे यांना एकाएकी महत्त्व येते. किंग्स्टन येथे जपून ठेवलेली एक चौकोनी रबरी चकती १८८६ च्या सामन्यातील मानली जाते. लॅक्रोस खेळाचा चेंडू कापून ती तयार केलेली आहे. किंग्स्टनकरांना तिचा अभिमान का वाटतो, हे निराळे सांगावयास नको.

या वस्तू इतक्या दुर्मिळ का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. उत्तर सोपे आहे. काठी ही मोडण्यासाठीच असते; आणि कॅनडाच्या हिवाळ्यात मोडलेली काठी शेगडीत जाते. खेळाडूंचे स्वेटर जाड लोकरीचे असत. ते झिजत, धाकट्या भावाच्या अंगावर चढत, आणि त्यातून जे वाचत ते कसरीच्या तोंडी पडत. स्केट्सचे पोलाद गंजते, चामडे तडकते. या सर्वांवर कडी केली ती आगीने. जुनी रिंके बहुधा लाकडी असत. राष्ट्रीय हॉकी लीग २६ नोव्हेंबर १९१७ रोजी स्थापन झाली आणि २ जानेवारी १९१८ रोजी माँट्रिअलचे वेस्टमाउंट अरीना जळून खाक झाले. तेथील वाँडरर्स या नामांकित संघाचे सारे सामान त्या आगीत गेले आणि संघाला लीगमधून अंग काढून घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी माँट्रिअलचे ज्युबिली रिंकही जळाले. व्हँकूव्हरचे डेनमन अरीना १९११ साली कृत्रिम बर्फाची सोय करून मोठ्या डौलाने उभारले होते. तेही १९३६ साली अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. तेव्हा या काळातील जी वस्तू आज शिल्लक आहे, ती झीज, कसर, शेगडी आणि आग या चौघांच्या हातून सुटून आलेली आहे, असे समजावे.

अशा सुटून आलेल्या वस्तूंत एका काठीची हकिकत विशेष मनोरंजक आहे. नोव्हा स्कोशियातील केप ब्रेटन बेटावर नॉर्थ सिडनी नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील एका न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर एक जुनाट, आखूड, जड अशी लाकडी काठी वर्षानुवर्षे लटकत होती. दाढीसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकांनी ती हजार वेळा पाहिली असेल. २००८ साली एका हौशी गृहस्थाने ती एक हजार डॉलरांस विकत घेतली. काठीच्या पात्यावर 'डब्ल्यू. एम.' अशी दोन अक्षरे कोरलेली होती. या दोन अक्षरांच्या आधारे त्याने काठी ज्यांच्या घरातून आली त्या मॉफॅट कुटुंबाचा माग काढला, तेव्हा १८२९ साली जन्मलेल्या विल्यम मॉफॅट नावाच्या मुलापर्यंत तो येऊन पोहोचला. त्यानंतर लाकडाची शास्त्रीय तपासणी झाली. ज्या मेपल झाडाच्या चिकापासून साखर काढतात, त्याच झाडाच्या लाकडाची ती काठी निघाली.

ही तपासणी कशी करतात, हे जाणून घेण्यासारखे आहे. झाडाच्या बुंध्यात दरसाल एक वलय वाढते. साल चांगले गेले तर वलय रुंद, वाईट गेले तर अरुंद. एका प्रदेशातील झाडांनी तीच सुगी आणि तोच दुष्काळ भोगलेला असल्यामुळे त्यांच्या वलयांचा क्रम सारखा येतो. ज्या झाडांचे वय ठाऊक आहे, त्यांच्या वलयांशी जुन्या लाकडाची वलये ताडून पाहिली की ते लाकूड कोणत्या सालापर्यंत झाडावर वाढत होते हे सांगता येते. या रीतीने काठीचा काळ १८३५ ते १८३८ च्या दरम्यानचा ठरला. म्हणजे विल्यम तेव्हा सहा ते नऊ वर्षांचा असावा. काठीची लांबीही लहान मुलाला शोभण्याजोगीच आहे. जानेवारी २०१५ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने ती काठी तीन लाख डॉलरांस घेतल्याचे जाहीर केले.

एक हजारांचे तीन लाख झाले, ही बातमी वर्तमानपत्रांना गोड लागली. आमच्यासारख्याला मात्र दुसऱ्याच गोष्टीचे कौतुक वाटते. लाकूड तेच होते. भिंतीवर असताना त्याची किंमत हजार होती आणि संग्रहालयात जाताना तीन लाख. मधल्या सात वर्षांत त्यात भर पडली ती केवळ साक्षीची. कचेरीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आवक क्रमांक नसलेला, तारीख नसलेला, सही नसलेला कागद कितीही खरा असला तरी फाइलीत त्याला किंमत नसते; आणि तोच कागद रीतसर नोंदला गेला की त्यावर लाखांचे व्यवहार चालतात. जुन्या वस्तूंच्या बाजारातही हाच नियम आहे. वस्तू कोणाच्या घरातून निघाली, तिथून कोणाच्या हाती गेली, मधली कडी कोठे तुटली आहे काय, हे जाणता संग्राहक आधी विचारतो. कारण लाकडाला धूर देऊन जुने करणे, लोकरीला चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी करणे, या युक्त्या बनावट माल करणाऱ्यांना चांगल्या अवगत असतात. शिवाय शास्त्राचीही मर्यादा आहे. वलये लाकडाचे वय सांगतील. ती काठी बर्फावरच फिरली की शेतात गुरे हाकण्यासाठी वापरली, हे ती सांगू शकत नाहीत. तेथे घराण्याची आठवण, गावचा कागद आणि पात्यावर कोरलेली दोन अक्षरेच उपयोगी पडतात.

दुर्मिळतेचा दुसरा एक प्रकार आहे, आणि तो माणसाने मुद्दाम निर्माण केलेला आहे. १९१० च्या सुमारास कॅनडातील एका तंबाखू कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून हॉकीपटूंची छोटी रंगीत चित्रे वाटण्यास आरंभ केला. १९१०-११ चा संच छत्तीस चित्रांचा आणि १९११-१२ चा पंचेचाळीस चित्रांचा होता. बापांनी सिगारेटी ओढाव्यात आणि मुलांनी चित्रे गोळा करावीत, असा तो व्यवहार. दुसऱ्या संचात माँट्रिअलच्या कॅनडियन्स संघाचा गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना याचे चित्र आहे. पंधरा वर्षे गोल राखून १९२५ च्या नोव्हेंबरात तो खेळता खेळता बर्फावर कोसळला आणि चार महिन्यांनी, २७ मार्च १९२६ रोजी, क्षयाने वारला. त्याचे ते आगकाडीच्या पेटीएवढे चित्र आज संग्राहकांना फार मोलाचे वाटते. पुढे १९२३ साली ऑन्टॅरिओतील ब्रँटफर्डच्या एका मिठाई कंपनीने चाळीस चित्रांचा संच काढला आणि पूर्ण संच आणून देणाऱ्यास बक्षीस लावले. चलाखी अशी, की पंचविसावे चित्र, बर्ट कॉर्बो या खेळाडूचे, अगदी थोडे छापले गेले. चाळिसांपैकी एकोणचाळीस चित्रे जमवून पंचविसाव्यासाठी खाऊचे पैसे खर्चीत राहिलेली मुले किती असतील, याची कल्पनाच केलेली बरी. कॉर्बो काही त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू नव्हे. परंतु एका व्यापाऱ्याच्या कंजूषपणामुळे त्याचे चित्र त्या संचातील सर्वांत दुर्मिळ ठरले. बाजारातील किंमत आणि इतिहासातील योग्यता या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे याहून अधिक स्पष्ट कोण सांगणार?

आता या खेळातील सर्वांत प्रसिद्ध वस्तूकडे वळू. १८८८ साली लॉर्ड स्टॅन्ले हे कॅनडाचे गव्हर्नर-जनरल म्हणून ऑटावा येथे आले. त्यांच्या मुलांना आणि मुलगी इझोबेल हिलाही बर्फावरील हॉकीचे वेड लागले. गव्हर्नरांच्या निवासस्थानी स्त्रिया हॉकी खेळत असल्याचे १८९० च्या सुमाराचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. पांढऱ्या पोशाखातील इझोबेल त्यात ओळखू येते. १८ मार्च १८९२ रोजी ऑटावातील एका मेजवानीत स्टॅन्लेसाहेबांचे पत्र वाचून दाखविण्यात आले. देशातील सर्वोत्तम संघाने वर्षभर आपल्याकडे ठेवावा असा एक करंडक असावा, असे त्यांनी सुचविले होते. लंडनहून दहा गिनींस एक चांदीचा वाडगा मागविण्यात आला. उंची अवघी साडेअठरा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घरच्या पितळी तपेल्याएवढी. १८९३ साली तो प्रथम माँट्रिअलच्या संघास मिळाला. परंतु त्याच वर्षी थोरल्या बंधूंच्या मृत्यूमुळे स्टॅन्ले यांना घराण्याची जहागिरी सांभाळण्यास इंग्लंडला परतावे लागले. आपल्या करंडकासाठी झालेला एकही सामना त्यांनी पाहिला नाही.

या गव्हर्नर-जनरलांच्या मालिकेत आपल्या परिचयाची नावे बरीच आहेत. ऑटावाच्या निवासस्थानी स्केटिंग रिंक बांधणारे लॉर्ड डफरिन पुढे १८८४ मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले आणि सिमल्याची व्हाइसरीगल लॉज त्यांनीच उभारली. स्टॅन्ले यांच्या आधी कॅनडात असलेले लॉर्ड लॅन्सडाउन १८८८ साली तेथून थेट इकडे आले. लॉर्ड मिंटो १९०४ पर्यंत कॅनडात होते आणि १९०५ मध्ये व्हाइसरॉय झाले. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले लॉर्ड विलिंग्डन १९२६ ते १९३१ पर्यंत कॅनडात होते व तेथून व्हाइसरॉय होऊन आले. साम्राज्याच्या या बड्या नोकरांच्याही बदल्याच होत! एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाताना त्यांच्यामागे हुकूमनाम्यांचे ढीग राहिले; परंतु कॅनडात स्टॅन्ले यांचे नाव आज घरोघर आहे ते दहा गिनींच्या एका वाडग्यामुळे.

या वाडग्यानेही पुष्कळ सोसले आहे. विजयी संघांनी त्यावर नावे कोरली, खाली पट्ट्यांवर पट्ट्या चढविल्या. ज्या वाँडरर्स संघाचे सामान पुढे आगीत गेले, त्याने १९०७ साली आपल्या खेळाडूंची नावे वाडग्याच्या आतील बाजूस कोरून घेतली होती. रिंक जळाले, स्वेटर जळाले, संघ बुडाला. आतली नावे मात्र राहिली. चांदी पातळ व ठिसूळ झाल्यामुळे १९७० च्या सुमारास मूळ वाडगा फिरविणे बंद झाले. आता विजेत्यांच्या हाती त्याची प्रतिकृती जाते, आणि मूळ वाडगा टोरांटोच्या हॉकी संग्रहालयात, एका जुन्या बँकेच्या तिजोरीच्या खोलीत विसावला आहे. मूळ प्रत दप्तरी, साक्षांकित प्रत व्यवहारात, ही पद्धत तेथेही आहे तर!

येथवर जे सांगितले ते टिकून राहिलेल्यांचे झाले. खरा प्रश्न न टिकलेल्यांचा आहे. ज्या क्रायटनने पहिला सामना घडविला, त्याने पुढे कायद्याचा अभ्यास केला आणि १८८२ साली तो कॅनडाच्या सिनेटमध्ये 'लॉ क्लार्क' झाला. अठ्ठेचाळीस वर्षे त्याने ती नोकरी केली. स्टॅन्ले यांच्या मुलांबरोबर तो हॉकीही खेळला. १९३० साली तो वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. खेळाच्या इतिहासप्रेमींच्या खटपटीने तो २००९ साली बसविण्यात आला. करंडक देणाऱ्या गव्हर्नराचे नाव चांदीवर कोरले गेले, आणि खेळ मांडणाऱ्या नोकराला दगड मिळण्यास एकोणऐंशी वर्षे लागली.

त्याहूनही दूर सारली गेलेली माणसे आहेत. नोव्हा स्कोशियातील मिकमॉ या आदिवासी जमातीचे कारागीर झाडाच्या वाकलेल्या मुळाशी जुळेल असे लाकूड निवडून एकसंध काठ्या कोरीत. त्या काठ्या दूरदूर विकल्या जात. परंतु त्यांवर जमातीचे नाव असे, कारागिराचे नसे. त्याच प्रांतात कृष्णवर्णीय खेळाडूंनी १८९५ साली आपली स्वतंत्र लीग स्थापन केली होती. हॅलिफॅक्सजवळची आफ्रिकव्हिल ही त्यांची वस्ती १९६० नंतरच्या दशकात नगरपालिकेने पाडून टाकली. घरेच गेली, तेथे माळ्यावरील काठ्या आणि भिंतीवरील तसबिरी कोठून राहणार? हॅलिफॅक्स नगरपालिकेने त्याबद्दल २०१० साली क्षमा मागितली, आणि २०२० साली कॅनडाच्या टपालखात्याने त्या लीगमधील एका संघाच्या जुन्या छायाचित्राचे तिकीट काढले. ते छायाचित्र कोणी जपले नसते, तर तिकिटावर छापावयास काय उरले असते? ज्यांच्या वस्तू कोणी राखल्या, त्यांचा इतिहास लिहिला जातो. ज्यांच्या राखल्या नाहीत, ते खेळलेच नाहीत असा पुढच्यांचा समज होतो. संग्राहकाच्या छंदात हौस, चढाओढ आणि पैशाचा लोभ पुष्कळ असतो, हे मान्य. परंतु त्याच्या हातून नकळत का होईना, एवढा एक न्याय घडतो.

आमचे बहुतेक वाचक बदलीच्या नोकरीत आहेत. बदलीचा हुकूम हाती पडला की सामान आवरावे लागते, आणि आवरण्याचा सोपा मार्ग म्हणजे रद्दीवाल्यास बोलावणे. परप्रांतात भरलेल्या मराठी मंडळांच्या पहिल्या सभांची हस्तपत्रके, हौशी नाटकांच्या जाहिराती, गणेशोत्सवातील समूहचित्रे, क्रिकेट सामन्यांच्या धावफलकांच्या वह्या या वाटेने किती गेल्या असतील! परमुलखात आपण मराठी माणसे कशी राहिलो, काय खेळलो, कशाने एकत्र आलो, हे पुढे कोणी विचारील तेव्हा साक्ष द्यावयास दुसरे कोण आहे? तेव्हा पुढच्या बदलीच्या वेळी आमची एवढीच विनंती आहे. समूहचित्र टाकून देण्यापूर्वी ते उलटे करावे आणि पाठीवर पेन्सिलीने गाव, साल आणि डावीकडून उजवीकडे उभ्या असलेल्यांची नावे लिहावी. केप ब्रेटनच्या त्या मुलाने आपल्या काठीवर दोनच अक्षरे कोरली होती, आणि तेवढी पुरली.